राक्षसाचा प्रवेश

नरकचतुर्दशीच्या पहाटे अंघोळ झाली की आमच्या घरी कारीट फोडतात. कोकणातून मुलुंडला येताना माझ्या वडिलांनी जे थोडेथोडके सामान बरोबर आणले, त्यात ही पद्धतही होती. कारीट म्हणजे लिंबाएवढे एक कडूजहर रानफळ. ते डाव्या पायाच्या अंगठ्याखाली चिरडायचे, त्याचा रस जिभेला लावायचा आणि ‘गोविंदा’ म्हणून ओरडायचे. कारीट हा नरकासुर, आणि त्याला मारणारे आपण. चाळीत तुळशीवृंदावन कुठले असणार! आम्ही जिन्याच्या पहिल्या पायरीवरच तो राक्षस मारीत असू, आणि वडिलांची आरोळी अशी असे की तिसऱ्या मजल्यावरची माणसे गजराच्या घड्याळाशिवाय उठत.

म्हणजे पाहा, आपल्या सगळ्यांत आनंदाच्या सणाची सुरुवात एका राक्षसाच्या मरणाने होते. आणि तोंड गोड करण्याआधी ते कडू करावे लागते. तेव्हा दिवाळी अंकात मी मरणाच्या संगीताविषयी चार शब्द लिहिले, तर वाचक फार रागावणार नाहीत असा धीर धरून लिहायला बसलो आहे.

कबुली देऊन टाकतो. मला डेथ मेटल ऐकण्याचा नाद आहे. वय चव्वेचाळीस, धंदा मास्तरकीचा, विषय चित्रकला, शिक्षण मॅट्रिक आणि वर एक चित्रकलेची पदविका. नावावर तीन कादंबऱ्या, त्यांतल्या दोन वाचनालयाच्या कपाटात सुखरूप. अशा माणसाने संध्याकाळी भीमसेन जोशी ऐकावेत, फार तर सुधीर फडके ऐकावेत, अशी अपेक्षा असते. तेही मी ऐकतो. पण वह्या तपासून झाल्या, घर निजले, म्हणजे मी कानांना यंत्र लावतो आणि कुणीतरी भुयारातून गुरगुरावे, मागे दोन गिताऱ्या करवतीसारख्या चालाव्यात आणि ढोलकऱ्याच्या अंगात यावे, असे काहीतरी तासभर ऐकत बसतो. आमच्या सौभाग्यवतींचे याबद्दलचे मत, कुकरची शिट्टी बिघडली की असाच आवाज येतो, एवढेच आहे. त्यांनी ते एकदाच सांगितले आणि विषय संपवला.

या संगीताचा इतिहास फार जुना नाही. 1985 साली कॅलिफोर्नियातल्या पझेस्ड नावाच्या पोरसवदा ताफ्याने आपल्या पहिल्या तबकडीतल्या एका गाण्यालाच ‘डेथ मेटल’ असे नाव दिले. दोन वर्षांनी फ्लॉरिडातल्या चक शुल्डिनर या तरुणाने ‘डेथ’ याच नावाच्या आपल्या ताफ्याची पहिली तबकडी काढली, आणि हा पंथ सुरू झाला. लोक विचारतात, मरणाचेच नाव कशाला? शुल्डिनर नऊ वर्षांचा असताना त्याचा थोरला भाऊ अपघातात गेला. मुलाचे दुःख हलके व्हावे म्हणून आईबापांनी त्याला गिटार आणून दिली. तिथून हे सारे निघाले. तो स्वतः 2001 साली मेंदूतल्या गाठीने गेला, वय चौतीस. मला तरी या नावात आता थिल्लरपणा दिसत नाही.

हा नाद मला लागला तो 1997 साली, दादरच्या एका चित्रकलेच्या वर्गात. माझ्या शेजारच्या बाकावर अंधेरीचा एक मुलगा बसे. त्याच्या वहीच्या मागच्या पानांवर झाडांची मुळे काढलेली असत. काटेरी, एकमेकांत गुंतलेली, डावी बाजू उजव्या बाजूशी तंतोतंत जुळणारी. मी एकदा विचारले, हे कसले झाड? तो म्हणाला, झाड नव्हे, अक्षरे आहेत. डेथ मेटलच्या ताफ्यांची नावे अशीच लिहितात. ज्याला ती वाचता येतात त्यानेच ती वाचावीत असा त्यामागचा हेतू. मला अक्षरलेखनात गती होती. मी ती मुळे सोडवू लागलो आणि नावे वाचता वाचता गाण्यांत कधी शिरलो ते कळले नाही. अजूनही आठवीच्या वर्गात एखाद्याच्या कंपासपेटीवर तसली मुळे कोरलेली दिसली, की मी जाता जाता ते नाव मोठ्याने वाचतो. मुलाच्या चेहऱ्यावरचा तो भाव पाहण्यासारखा असतो. शिक्षकाने आपली गुप्त लिपी वाचावी, याहून मोठा धक्का त्या वयात नसेल.

अंधेरीच्या त्या मित्राने मला फक्त कॅसेटी दिल्या नाहीत. शिफारस कशी करावी हे शिकवले. तेव्हा आमच्याजवळ वॉकमन एकच. दादरहून तो पश्चिमेच्या गाडीने जाणार, मी मध्यच्या. म्हणून आम्ही फलाटावरच्या बाकावर बसून एकेक कान वाटून घेत असू आणि दोन-तीन गाड्या सोडीत असू. त्याचा नियम असा, की जे सगळ्यांना ठाऊक आहे ते सांगायचे नाही. नामांकितांची शिफारस म्हणजे शिवाजी पार्कावर उभे राहून समुद्र कुठे आहे ते सांगणे. ज्याची कॅसेट कुणी उचलली नाही, ज्याचा ताफा वर्षात मोडला, ज्याला त्याच्या काळाने हसून बाजूला केले, ते दुसऱ्याच्या हातात ठेवायचे, आणि ठेवताना कौतुक करायचे नाही.

या नियमाने त्याने मला दिलेली पहिली चीज म्हणजे फ्लॉरिडाच्या एथिइस्ट या ताफ्याची ‘अन्क्वेश्चनेबल प्रेझेन्स’, 1991 सालची. हिची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. या ताफ्यात रॉजर पॅटरसन नावाचा बेस गिटार वाजवणारा होता. बेस म्हणजे साध्या भाषेत खर्ज. लोक ऐकतात पण लक्ष देत नाहीत असे वाद्य. हा मुलगा मात्र ते असे वाजवी की बाकीच्यांनी त्याच्यामागून चालावे. दुसऱ्या तबकडीसाठी त्याने आपला भाग बसवला, आणि 1991 च्या आरंभी दौऱ्यावरून परतताना गाडीच्या अपघातात तो गेला. उरलेल्यांनी टोनी चॉय या दुसऱ्या वादकाला बोलावले आणि गेलेल्याने बसवलेला भाग त्याच्याकडून वाजवून घेतला. म्हणजे हात एकाचे, बोटांतली बुद्धी दुसऱ्याची. त्या वेळच्या श्रोत्यांना ही तबकडी पसंत पडली नाही. यात जॅझ फार आहे, डोके चालवावे लागते, अशी तक्रार. तबकडी पडली आणि ताफाही मोडला. नंतर कित्येक वर्षांनी लोकांना कळले की हे पुढचे होते. पुढे काढलेल्या आवृत्तीत पॅटरसनने स्वतः वाजवलेले कच्चे मुद्रणही जोडले आहे. दोन्ही लागोपाठ ऐका. मी हे ऐकतो तेव्हा गवयाच्या मागे तंबोऱ्यावर बसून जन्म काढलेल्या शिष्यांची मला आठवण येते; का येते ते सांगता येत नाही.

आपल्याकडचे सांगू लागलो तर घरचेच असल्यामुळे थोडा पक्षपात होईल. मुंबईत रॉकचा मोठा उत्सव म्हणजे 1986 साली सुरू झालेला इंडिपेंडन्स रॉक. तो धोबीतलावच्या रंगभवनात होत असे. जवळ इस्पितळ आणि कॉलेज असल्याने तिथला आवाज पुढे बंद झाला, आणि मग काही वर्षे तो अंधेरीच्या चित्रकूट मैदानावर भरला. उपनगरातल्या आम्हा लोकांना तेवढेच बरे झाले. शेवटची गाडी चुकण्याची धास्ती गेली. जुहू-अंधेरीकडच्या लहानसहान जागांत, पवईच्या आयआयटीच्या मूड इंडिगोत ही पोरे वाजवीत. काळे सदरे घातलेली, दिसायला भयंकर. जवळ जाऊन बोलावे तर गणिताची शिकवणी चुकवून आलेली. त्यांतल्या एका ताफ्याचे नाव ‘भयानक मौत’. नाव ऐकून मी हसलो होतो, गाणे ऐकून हसू गेले. त्यांची 2014 सालची ‘मॅन’ ही तबकडी मुंबईबाहेर फारशी कुणाला माहीत नाही. दोन गायक, एकाचा आवाज खोल आणि दुसऱ्याचा फाटका. कीर्तनात बुवा आणि मागचा टाळकरी यांची जी देवाणघेवाण चालते, तिचेच हे संतापलेले भावंड. त्यातल्याच विनय वेंकटेश या गायकाने रेप्टिलियन डेथ या ताफ्यातूनही गाऊन ठेवले आहे. 2013 ची ‘द डॉन ऑफ कॉन्समेशन अँड इमर्जन्स’ हे तिचे लांबलचक नाव. ही तर अगदीच दुर्लक्षित राहिली. गटस्लिट या ताफ्याचीही मी सोबत्यांना शिफारस करतो, पण त्या नावाचा अर्थ पोट फाडलेला असा असल्याने, फराळाच्या ताटासमोर बसलेल्या वाचकांना आग्रह करीत नाही.

ज्यांना संस्कृतचा ओढा आहे त्यांच्यासाठी मात्र सिंगापूरच्या रुद्र या ताफ्याची ‘ब्रह्मविद्या’ सांगून ठेवतो. ही तबकडी 2005 ची. उपनिषदांतला अद्वैतविचार आणि असे गुरगुरणे यांची सांगड बसेल असे मला वाटले नव्हते. बसली आहे. आमच्या शाळेतल्या संस्कृतच्या बाईंनी पाच मिनिटे ऐकून उच्चार बरे आहेत एवढा शेरा दिला, आणि बाईंकडून तेवढा शेरा मिळवायला मुलांना वर्ष लागते.

पण ज्या तबकडीसाठी हा लेख लिहायला घेतला ती वेगळीच आहे, आणि ती मला आवडत नव्हती.

अंधेरीच्या मित्राने 1999 साली, नोकरीसाठी मस्कतला जाण्याआधी, एक कॅसेट हातात ठेवली. म्हणाला, ‘‘ही तुला आवडणार नाही, म्हणून देतो.’’ फिनलंडच्या डेमिलिच या ताफ्याची ‘नेस्पिथे’. साल 1993. या लोकांनी आयुष्यात पुरी अशी एकच तबकडी काढली आणि त्याच सुमारास ताफा मोडला. नाव कसले म्हणाल, तर कण्याला इंग्रजीत जो शब्द आहे त्याची अक्षरे उलटीसुलटी केलेली. गाण्यांची नावे इतकी लांब की एकेक नाव म्हणजे आमच्या निबंधाचे पहिले वाक्य. पण खरा प्रकार गाणाऱ्याचा. अँटी बोमन हा त्यांचा गायक गुरगुरत नाही, ओरडत नाही. पोटाच्या तळातून हवेचा एक बुडबुडा वर यावा आणि त्यावर अक्षरे तरंगावीत, असा त्याचा आवाज आहे. ऐकणाऱ्याला वाटते, हा माणूस ढेकर देऊन बोलतो आहे. तेही यंत्राची काही करामत न करता. मी दोनदा ऐकली, शहारलो, आणि कॅसेट माळ्यावर टाकली. तिथे ती वीस-बावीस वर्षे पडून होती.

आता थोडे वडिलांविषयी सांगितले पाहिजे.

वडील कुडाळ तालुक्यातले. वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत त्यांनी गावच्या जत्रांतून दशावतारात कामे केली. मग भांडुपच्या एका कारखान्यात लागले आणि तोंडाचा रंग कायमचा उतरला. दशावतार कोकणाबाहेरच्या वाचकांना ठाऊक असेलच असे नाही. दिवाळी झाली, कार्तिक लागला, की गावोगावच्या देवळांत जत्रा सुरू होतात आणि रात्रभर हा खेळ चालतो. एक पडदा, एक बाकडे, बाजूला पेटी, पखवाज आणि झांज. नट आपला चेहरा आपणच रंगवणार, बायकांची कामे पुरुष करणार आणि संभाषणे उभ्या उभ्या जुळवणार. सुरुवातीला गणपती येतो, सरस्वती येते, ब्रह्मदेव येतो. आणि मग वेद चोरणारा शंखासुर येतो, काळा झगा आणि काळा मुखवटा घालून, मालवणीतून सगळ्यांची टिंगल करीत. मुख्य आख्यानातला राक्षस मात्र टिंगलीचा नसतो. तो पडद्याआडून आधी नुसता ओरडतो. मध्यरात्र उलटलेली, पोरे आयांच्या मांडीवर निजलेली, आणि ती आरोळी येते. माझे वडील हे राक्षस करीत. मी सात-आठ वर्षांचा असताना एकदा गावी त्यांनी हौसेने पुन्हा तोंड रंगवले. पडद्याआडून आवाज आला तो माझ्या बापाचा आहे हे मला माहीत होते, आणि तरीही मी आईच्या पदरात तोंड लपवले. भरताने नाट्यशास्त्रात आठ रस सांगितले, त्यांत रौद्र, भयानक आणि बीभत्स हे तीन आहेत. आपण मात्र शृंगार आणि करुण यांच्यापलीकडे सहसा जात नाही. गावच्या माणसाला हे ठाऊक असते. तो देवाच्या प्रवेशाला हात जोडतो, पण जागा राहतो तो राक्षसासाठी.

2022 च्या पावसाळ्यात वडिलांचा आवाज बसला. पहिले दोन महिने हळदीचे दूध आणि गुळण्या यांत गेले. ते आमचे चुकले. बिडी चाळीस वर्षांची होती. गाठ स्वरयंत्रातच निघाली आणि ते काढून टाकावे लागले. शस्त्रक्रिया चांगली झाली. गळ्याच्या खाली एक भोक, त्यातून श्वास. तोंडाचा आणि श्वासाचा संबंध संपला. हे मी कोरडेपणाने लिहितो आहे, कारण दुसऱ्या तऱ्हेने लिहायला गेलो तर जमणार नाही. घरी आले त्या दिवशी मी त्यांना शाळेतली एक पाटी आणून दिली. त्यांनी तिच्यावर पहिले वाक्य लिहिले ते असे: ‘पेन्सील बरी नाय.’

अशा माणसांना पुन्हा बोलायला शिकवतात. गळ्यावर धरायचे विजेचे यंत्र असते. श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामध्ये एक झडप बसवता येते. आणि तिसरा मार्ग बिनखर्चाचा, पण कष्टाचा. हवा गिळायची, ती पोटात जाऊ न देता अन्ननलिकेच्या तोंडाशी अडवायची आणि ढेकरेसारखी वर सोडायची. त्या ढेकरेवर जीभ आणि ओठ हलवून शब्द घडवायचा. वडिलांना शिकवायला येणाऱ्या बाई मोठ्या धीराच्या होत्या. त्यांनी पहिल्या आठवड्यात ‘बा’, ‘पा’, ‘टा’ काढून घेतले. पण बाई गेल्या की वडील पाटी जवळ ओढीत. एकदा जेवताना त्यांनी ‘पाणी’ म्हणण्याचा प्रयत्न केला. माझी मुलगी, तेव्हा आठ वर्षांची, हसली. पोरच ते. लगेच गप्प झाली. पण वडिलांनी त्या दिवसापासून प्रयत्नच सोडला. जेवून झाल्यावर तृप्तीची ढेकर देणे याला आपल्याकडे कुणी नावे ठेवीत नाही. ढेकर देऊन बोलणे मात्र त्यांना आपल्या पडद्याआडच्या आवाजाचा अपमान वाटला असावा. त्या दिवाळीला कारीट त्यांनीच चिरडले. ‘गोविंदा’ मी म्हणालो. तिसऱ्या मजल्यावर कुणी उठले नाही.

‘नेस्पिथे’ची आठवण मला गाडीत झाली. घाटकोपरला गर्दी चढली, कुणीतरी माझ्या कानाशी ढेकर दिली, आणि पंचवीस वर्षांपूर्वीचा तो फिनलंडचा माणूस एकदम डोळ्यांसमोर उभा राहिला. हसू येते, पण झाले ते असे झाले. घरी येऊन मी माळा उपसला. कॅसेट होती, ती वाजवायचे यंत्र नव्हते. शेवटी मोबाइलवरच ती सापडली. रात्री वडिलांच्या खाटेपाशी बसलो आणि त्यांच्या कानांना यंत्र लावले.

त्यांनी पूर्ण एक गाणे ऐकले. चेहरा हलला नाही. मग पाटी घेतली. ‘ह्येचो गळो कापलेलो?’

मी म्हणालो, नाही बाबा, गळा धडधाकट आहे. मुद्दाम असा आवाज काढतो.

वडिलांनी पाटी पुसली. ‘मुद्दाम?’

मुद्दाम, मी म्हणालो. आणि तीस वर्षे लोक ऐकतात. माझ्यासारखे वेडे जगभर आहेत.

पुन्हा पाटी. ‘पैसे मिळतत?’

फार नाहीत, असे सांगितल्यावर त्यांनी पाटी खाली ठेवली आणि हसू लागले. स्वरयंत्र नसलेल्या माणसाच्या हसण्याला आवाज नसतो. खांदे हलतात, आणि गळ्याच्या भोकातून नुसती हवा फसफसते. ते बराच वेळ हसले. मग त्यांनी खुणेने सांगितले: पुन्हा लाव.

याचा परिणाम म्हणून दुसऱ्या दिवशी ते घडाघडा बोलू लागले असे काही झाले नाही. कादंबरीत मी तसे लिहिले असते. आठवड्याभराने मात्र सकाळी न्हाणीघरातून, नळ सोडलेला असताना, ‘बा, बा, गा’ असे ऐकू येऊ लागले. महिन्याने त्यांनी सौभाग्यवतींना ‘चाय’ म्हटले. तिने मागे न वळता आधण ठेवले आणि मग बराच वेळ ती मागे वळलीच नाही.

पुढची शिफारस करायला मला अवघड गेले नाही. मुंबईच्याच डिमॉनिक रेझरेक्शन या ताफ्याची 2017 सालची ‘दशावतार’ माझ्याजवळ होती. साहिल मखिजा या तरुणाने 2000 साली हा ताफा उभा केला; गिटार तोच वाजवतो, गातोही तोच. त्यांना 2010 साली इंग्लंडच्या मेटल हॅमर या मासिकाने जागतिक मेटलसाठीचा पुरस्कार दिला, पण आपल्या मराठी घरांत हे नाव पोचलेले नाही. तबकडीत दहा गाणी, एकेका अवताराचे एकेक: मत्स्यापासून कल्कीपर्यंत, क्रमवार. शब्द इंग्रजी आहेत. गिटारींच्या गदारोळात मधूनच बासरी, सतार, तबला ऐकू येतात. गाणाऱ्याचा आवाज कधी स्वच्छ, कधी राक्षसी. गुरगुरणाऱ्या गायकांविषयी एक गोष्ट मला या निमित्ताने वाचायला मिळाली: खऱ्या स्वरतंतूंच्या वर गळ्यात आणखी दोन घड्या असतात, ज्यांचा बोलताना काही उपयोग नसतो, आणि हा आवाज बहुतेक त्यांच्या थरथरण्याने निघतो. पडद्याआडून ओरडणारे आमचे कोकणातले राक्षस कुठल्याही पुस्तकाशिवाय हेच करीत आले असणार.

वडिलांनी दहाच्या दहा गाणी एका बैठकीत ऐकली. मी समोर बसून वह्या तपासत होतो आणि एकही वही तपासली नाही. पहिले गाणे, मत्स्याचे, संपले तेव्हा त्यांनी पाटी घेतली नाही. हवा गिळली, थांबले आणि म्हणाले, ‘‘शंखासुर खंय?’’

मत्स्यावतार झाला तो शंखासुराला मारून वेद परत आणण्यासाठी. मग तो विदूषक गेला कुठे, असा त्यांचा प्रश्न. मी म्हणालो, शब्द इंग्रजी आहेत आणि मलाच नीट कळत नाहीत. हे उत्तर त्यांना पटले नाही. नवव्या गाण्यालाही त्यांनी हरकत घेतली. तबकडीत नववा अवतार बुद्ध आहे. ‘‘नववो आमचो विठोबा,’’ म्हणाले. तीन शब्दांना तीन वेळा हवा गिळावी लागली. नरसिंहाच्या गाण्यावर मात्र टीका झाली नाही. त्यांचे दोन्ही हात मांडीवर होते, बोटे वाकलेली, नखे वर केलेली. कधी काळी हिरण्यकशिपू केलेल्या माणसाला नरसिंहाचे हात कसे असतात हे समोरून पाहिलेले असते.

आता माझ्या शिफारशींचे सूत्र माझ्या हातात राहिलेले नाही. गेल्या महिन्यात भांडुपहून वडिलांचे एक स्नेही आले होते. गावी असताना ते पखवाज वाजवीत. आता ऐकू कमी येते. चहा झाला, गुडघ्यांच्या चौकशा झाल्या. वडिलांनी मला खूण केली आणि माझ्या हातून कानाचे यंत्र घेऊन स्नेह्यांच्या डोक्यावर स्वतः चढवले. कौतुक एका शब्दाचे केले नाही. मी ‘नरसिंह’ लावले. ऐकू कमी येत असल्यामुळे आवाज पूर्ण मोठा करावा लागला. इतका की स्वयंपाकघरातूनही ढोल कळत होता.

म्हातारबुवांनी डोळे मिटले. उजवा हात गुडघ्यावर चालू लागला, मग डावा. मग दोन्ही मागे पडले. त्यांनी डोळे उघडले आणि कान झाकलेले असल्याने चाळभर ऐकू जाईल अशा आवाजात ओरडून विचारले, ‘‘अरे, ह्या पखवाजवाल्याक हात तरी किती?’’

वडिलांनी हवा गिळली.

‘‘फुडचा आयक,’’ म्हणाले.